नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल किती?

गाडीचा एसी दुरुस्त करून घेताना गॅस किती भरला हे सगळेच विचारतात, तेलाची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. नवाकोरा कॉम्प्रेसर (गॅस दाबून यंत्रणेत फिरवणारा पंप) बसवूनही थोड्याच दिवसांत तो कुरकुरायला लागला, तर बऱ्याचदा दोष या तेलाच्या हिशेबात असतो.

इंजिनाला खाली तेलाची टाकी असते, पातळी बघायला पट्टी असते. गाडीच्या एसीत असली काही सोय नाही. इथे तेल गॅसमध्ये मिसळून त्याच्याबरोबरच फिरतं: कॉम्प्रेसरमधून कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), मग ड्रायर (ओलावा शोषणारी डबी), हवा गार करणारी कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर. एसी बंद केला की ते जिथल्या तिथे थोडं थोडं साचून राहतं. त्यामुळे गाडीच्या माहितीपत्रकात दिलेला तेलाचा आकडा बहुधा सगळ्या यंत्रणेचा असतो, एकट्या कॉम्प्रेसरचा नव्हे. घोळ होतो तो इथेच.

समजा हा आकडा 150 मिलिलिटर आहे. जुना कॉम्प्रेसर काढून उलटा केला, शाफ्ट फिरवत पूर्ण निथळू दिला आणि मोजपात्रात 60 मिलिलिटर तेल आलं. गळती झालेली नसेल, तर उरलेलं 90 अजून नळ्यांत आणि कॉइलमध्येच आहे. नवा कॉम्प्रेसर पुष्कळदा कारखान्यातूनच पूर्ण 150 भरून येतो. तो तसाच बसवला तर यंत्रणेत 240 मिलिलिटर झालं! म्हणून नव्यातलंही तेल स्वच्छ भांड्यात काढायचं आणि त्यातलं 60च परत घालायचं. काही कंपन्या यात थोडी भर घालायला सांगतात. तसं असेल तर त्यांचंच ऐकावं.

‘जास्त झालं तर बिघडलं कुठे, वंगणच तर आहे’ हा समज महागात पडतो. जादा तेल कॉइलच्या आतल्या भिंतींवर थर धरतं, उष्णतेची देवाणघेवाण मंदावते, हवा पुरेशी गार होत नाही आणि दाब वाढतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तेलाचा लोंढा सिलिंडरमध्ये शिरला तर झडपांच्या पातळ पट्ट्या तुटू शकतात. कमी तेलाचा परिणाम सरळ आहे: धातूवर धातू घासतो आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

जुना कॉम्प्रेसर असा जाम होऊन धातूचा कीस सगळीकडे पसरला असेल, तर वरचा हिशेब रद्द. यंत्रणा फ्लश करायची, म्हणजे आतून धुऊन काढायची, ड्रायर बदलायचा (आणि ज्या कंडेन्सरच्या बारीक नळ्या साफ होत नाहीत तोही), मग ठरलेलं पूर्ण तेल भरायचं.

तेलाची जातही तीच हवी. आर-134ए गॅसच्या गाड्यांत बहुधा पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) हे कृत्रिम तेल असतं. 46, 100, 150 हे त्याचे आकडे दाटपणा सांगतात. हे तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं, त्यामुळे उघड्या डब्यातलं उरलंसुरलं वापरू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसरची मोटर तेलातच असते. तिथे वीज न वाहू देणारं तेल लागतं, बहुधा पीओई (पॉलिऑल एस्टर). त्यात थोडंसं पीएजी गेलं तरी विद्युतरोधन बिघडतं.

पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर सगळं बसवून झाल्यावर शाफ्ट हाताने आठ-दहा फेरे फिरवावा. सिलिंडरमध्ये साचलेलं तेल पुढे सरकतं. इंजिन त्यानंतर सुरू करावं.