बेड ओला, तरी झाड तहानलेलं: पॉलिहाऊस आणि बोअरचं खारं पाणी

पॉलिहाऊसमधला बेड (मातीचा गादीवाफा) ओला आहे, ठिबक नीट चालू आहे, तरी दुपार झाली की ढोबळी मिरची मान टाकते, जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि मग बहुतेकजण काय करतात तर आणखी पाणी सोडतात नाहीतर बुरशीनाशक मारतात. त्याआधी प्लीज बोअरच्या पाण्याचा ईसी मोजा.

ईसी म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचा अंदाज. ईसी 1.5 (डेसीसीमेन्स प्रति मीटर, dS/m) असेल तर लिटरमागे साधारण 1 ग्रॅम क्षार. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला रोज 3000 लिटर पाणी दिलं तर रोज 3 किलो, महिन्याला 90 किलो क्षार आपणच आपल्या हाताने बेडमध्ये टाकतोय! वर विद्राव्य खतांचे क्षार वेगळेच. झाड पाणी उचलतं, क्षार बरेचसे मागे राहतात. उघड्या रानात निदान पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात, इथे वर प्लास्टिक पेपर आहे त्यामुळे धुणार कोण? ओलावा जिथे संपतो तिथे बेडच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसतो ना, तो हाच.

मुळांभोवती क्षार वाढले की पाणी ओढायला झाडाला जास्त ताकद लागते, म्हणून पाणी असूनही सुकतं. कॅल्शियमही फळापर्यंत नीट पोचत नाही, मग टोमॅटो आणि ढोबळीच्या खालच्या टोकाला काळा चट्टा पडतो.

ढोबळी यात फारच नाजूक. मुळांजवळच्या मातीचा ईसी 1.5 च्या वर गेला की पुढच्या प्रत्येक 1 ला उत्पादन साधारण 14 टक्के घटतं. टोमॅटो, काकडी 2.5 पर्यंत सहन करतात. टोमॅटो तर थोड्या खाऱ्या पाण्यावर लहान पण जास्त गोड होतो, इस्राएलच्या नेगेव वाळवंटात तो मुद्दाम असा पिकवतात.

आणि जिप्सम टाकलं की क्षार गेले असं नसतं हो, जिप्सम सोडियमला जागेवरून हलवतं, बाहेर न्यायला पाणीच लागतं. 1.5 ईसीच्या पाण्यावर ढोबळी घ्यायची तर दिलेल्या पाण्यापैकी साधारण पाव हिस्सा मुळांखाली निघून जायला हवा, तेही खाली निचरा असेल तरच, भारी काळ्या जमिनीत निचरा नसताना पाणी वाढवलं तर मुळं कुजतील.

माझ्या मते सगळ्यात चांगलं पाणी छपरावरच पडतं आणि आपण ते वाहून जाऊ देतो. 600 मिमी पाऊस, 1000 चौरस मीटर छप्पर, म्हणजे जवळपास 6 लाख लिटर, क्षार जवळजवळ नाहीतच. गटरचा पाइप शेततळ्यात सोडा, बोअरचं पाणी त्यात निम्मं-निम्मं मिसळा, 1.5 चा ईसी पाऊण होतो. आणि पेपर बदलायची वेळ आलीच असेल तर जुना पावसाळ्याआधी काढा, नवा पावसाळ्यानंतर चढवा, बेड आपोआप धुऊन निघतील.