जागतिक कनिष्ठ मैदानी अजिंक्यपद स्पर्धा

वीस वर्षांखालील मुलामुलींसाठी दर दोन वर्षांनी भरणारी मैदानी खेळांची (ॲथलेटिक्स) जागतिक स्पर्धा. पहिली स्पर्धा १९८६ मध्ये अथेन्स येथे झाली. २०१५ च्या अखेरीस अधिकृत नावातील ‘कनिष्ठ’ जाऊन ‘२० वर्षांखालील’ आले. २०१६ ची बिडगोश्च (पोलंड) येथील स्पर्धा नव्या नावाने झाली. मैदानावर मात्र ‘ज्युनियर वर्ल्ड’ हेच नाव रुळलेले आहे.

उगमाबाबत एकमत नाही. काही संकलक १९६४ च्या वॉर्सा येथील युरोपीय कनिष्ठ खेळांपासून इतिहास धरतात. काही १९७० मध्ये पॅरिसजवळ कोलोंब येथे भरलेल्या पहिल्या युरोपीय कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धेपासून. दोन्ही स्पर्धा एका खंडापुरत्या होत्या, त्यामुळे त्यांना पूर्वसुरी म्हणणे अधिक योग्य. जागतिक गणना १९८६ पासूनच करावी. आशियाई कनिष्ठ स्पर्धाही त्याच वर्षी जकार्ता येथे सुरू झाली.

वय : स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला वीस पूर्ण होता कामा नयेत. युजीन (अमेरिका) येथील २०२६ च्या स्पर्धेला १ जानेवारी २००७ चा जन्म चालतो, आदल्या दिवसाचा चालत नाही. सोळा वर्षांची खालची मर्यादाही त्याच तारखेला मोजतात. एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे दोनच खेळाडू उतरतात.

सातारा-सांगलीकडे घोटाळा होतो तो इथेच. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ व १९ वर्षांखालील, तर ॲथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धांत १८ व २० वर्षांखालील. एकोणीसच्या गटातून बाहेर पडलेल्या मुलाचे संघटनेच्या गटात एक वर्ष शिल्लक असते. बारावीनंतर शाळेचा संबंध तुटतो आणि ते वर्ष पुष्कळदा नोंदणीअभावी वाया जाते. मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासण्याची पद्धत लहान गटांत उपयोगी पडते. या गटात नाही. त्या मोजणीत मुलांची वाढ साडेसोळाच्या आसपास व मुलींची पंधराच्या आसपास पूर्ण धरली जाते, त्यापुढचे वय हाडावरून कळत नाही. म्हणून जन्मदाखलाच निर्णायक.

साधने : मुलींची साधने ज्येष्ठ महिलांचीच असतात : गोळा ४ किग्रॅ., थाळी १ किग्रॅ., भाला ६०० ग्रॅ. मुलांसाठी गोळा व हातोडा प्रत्येकी ६ किग्रॅ., थाळी १.७५० किग्रॅ.; भाला मात्र ज्येष्ठांचाच, ८०० ग्रॅमचा. हे पूर्वीपासून असे नव्हते. सांतियागो (२०००) पर्यंत मुलेही ७.२६० किग्रॅ.चा गोळा फेकत. किंग्स्टन (२००२) पासून तो ६ किग्रॅ.चा झाला. ११० मी. अडथळा शर्यतीतील उंची त्यानंतर, २००६ च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत, १०६.७ वरून ९९ सेंमी.च्या घरात आली. ग्रोसेटो (२००४) येथील विजेती वेळ १३.५६ सेकंद, बीजिंगची १३.२३; या फरकाचे सगळे श्रेय पायांना देता येत नाही. जुन्या व नव्या आकड्यांची एकच यादी करणारी कोष्टके म्हणूनच फसवी असतात.

अठरा वर्षांखालील गटात मुलांचा गोळा ५ किग्रॅ.चा. तिथून ६ वर येताना मुले वजन पेलायला हात आधी झटकतात, कोपर खाली पडते आणि गोळा मानेपासून सुटतो. पंच फेक बाद करतो. ६ किग्रॅ.च्या गोळ्याचा व्यास १०५ ते १२५ मिमी. चालतो. खडकाळ मैदानावर आपटून व गंजाचे पापुद्रे निघून बिडाचा गोळा काही ग्रॅमने उतरतो आणि स्पर्धेच्या सकाळी काट्यावर नापास होतो. अडथळा ३.६ ते ४ किग्रॅ. जोराला कलला पाहिजे; गावच्या वेल्डरकडून करून घेतलेल्या चौकटींना पायाची वजने सरकवण्याची सोय पुष्कळदा नसते. मग अडथळा पडत नाही, मुलगा पडतो.

धावपट्टीची आखणीही तशीच. फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानावर आतल्या कडेला उठावाची कड नसते, त्यामुळे पहिल्या लेनचे माप आतल्या रेषेपासून ३० नव्हे, २० सेंमी.वर घ्यावे लागते. ते विसरल्यास फेरी सुमारे ६३ सेंमी. आखूड भरते. १.२२ मी. रुंदीच्या लेनसाठी दुसऱ्या लेनचा आघाडीफरकही (वळणाच्या जादा अंतरासाठी आरंभरेषा पुढे सरकवण्याचे माप) ७.०४ मी. न राहता ७.६७ मी. होतो. अशा मैदानावरची वेळ घेऊन सिंथेटिकवर गेलेल्या धावपटूचा हिशोब पहिल्याच फेरीत चुकतो.

भारत : सीमा अंतिलला २००० मध्ये थाळीफेकीत मिळालेले सुवर्ण उत्तेजक चाचणीनंतर काढून घेण्यात आले, २००२ चे कांस्य कायम आहे. त्यामुळे पहिले भारतीय सुवर्ण नीरज चोप्राचे (२०१६, ८६.४८ मी., या गटाचा विश्वविक्रम) मानले जाते. टँपेरे (२०१८) येथे हिमा दासने ४०० मी. ५१.४६ सेकंदांत जिंकली. नैरोबीत (२०२१) शैली सिंगला लांब उडीत व अमित खत्रीला चालण्याच्या शर्यतीत रौप्य मिळाले. कॅली (२०२२) येथे सेल्वा प्रभूला तिहेरी उडीत रौप्य, रूपल चौधरीला ४०० मी. मध्ये कांस्य. लिमात (२०२४) आरतीने १०,००० मी. चालण्यात कांस्य मिळवले.

सातारा जिल्ह्यातील मोही (ता. माण) येथील ललिता बाबरची कीर्ती ज्येष्ठ गटातली : मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन विजेतेपदे (२०१२–१४) आणि रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. स्टीपलचेसची अंतिम फेरी.