बेरीच्या कॅप्सूलवरचा ३६ टक्के कुठून आला?

हृदय आणि रक्तशर्करेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बेरीच्या अर्कावर '३६% अँथोसायनिन' असं छापलेलं दिसतं. अँथोसायनिन म्हणजे फळांना लाल-जांभळा रंग देणारी रंगद्रव्यं. हा आकडा बिलबेरीचा आहे. बिलबेरी म्हणजे युरोपच्या जंगलात वाढणारी ब्लूबेरीची चुलत बहीण. बाजारातली मोठी ब्लूबेरी अमेरिकेतली. न्यू जर्सीत तिचं पहिलं व्यापारी पीक १९१६ मध्ये निघालं. ती कापली की आत फिकट हिरवट दिसते, कारण तिचा रंग फक्त सालीत असतो. बिलबेरी गरापर्यंत जांभळी असते, म्हणून अर्कवाल्यांनी तिलाच धरलं.

या रंगद्रव्यांना अँथोसायनिन हे नाव १८३५ मध्ये मिळालं. त्यांची रचना रिचर्ड विल्श्टेटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली आणि वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. पुढे इटली आणि फ्रान्समध्ये केशवाहिन्यांच्या तक्रारींवर बिलबेरीचा अर्क दिला जाऊ लागला. ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा जॅम खाऊन रात्री स्वच्छ पाहत, ही गोष्ट त्याच काळात फार पसरली. पण रात्रीच्या दृष्टीवरच्या चाचण्यांचा २००४ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा निरोगी डोळ्यांच्या बाबतीत तिला आधार सापडला नाही.

औषध म्हणून विकायचं तर प्रत्येक घाणा सारखा हवा. ताज्या फळात अँथोसायनिन साधारण अर्धा टक्का, तेही जंगल आणि हंगामाप्रमाणे बदलणारं. म्हणून फळ अल्कोहोलमध्ये मुरवायचं, द्रावण रंग धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या स्तंभातून सोडायचं, साखर आणि आम्लं पाण्याने धुऊन काढायची, रंग अल्कोहोलने उतरवून सुकवायचा. सुमारे १०० किलो फळातून एक किलो अर्क मिळतो. युरोपीय फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत संहितेने, त्यातल्या अँथोसायनिनची मर्यादा ३२.४ ते ३९.६ टक्के ठरवली. तिचा मध्य म्हणजे आपला ३६. काही डब्यांवर २५ टक्के असतं. तो अर्क हलका असेलच असं नाही. रंगद्रव्याला जोडलेली साखर वगळून मोजलं की ३६ चे २५ होतात.

आकड्याला किंमत आली तशी भेसळही आली. फार्माकोपियाची चाचणी साधी होती: आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये अर्क विरघळवायचा आणि ५२८ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचं. लाल दिसणारं काहीही यात पास होतं. २००६ मध्ये बिलबेरी म्हणून विकलेल्या एका अर्कात अमरंथ हा कृत्रिम रंग सापडला. अमेरिकेने तो खाद्यपदार्थांतून १९७६ मध्येच बाद केला होता. असा रंग पकडणं अवघड नाही. खरं अँथोसायनिन पीएच १ ला, म्हणजे तीव्र आम्लात, लाल असतं आणि ४.५ ला जवळपास रंगहीन होतं. कृत्रिम रंग मात्र तसाच राहतो. मग भेसळवाले काळ्या तांदळाकडे आणि तुतीकडे वळले. त्यांचं अँथोसायनिन खरंच असतं, त्यामुळे ते पीएचची चाचणी पार करतं. तिथे एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी पद्धतच लागते: बिलबेरीत १५ अँथोसायनिनांचा ठसा उमटतो, तर काळ्या तांदळात मुख्यतः एकाच द्रव्याचा.

१९९३ मध्ये ओरॅक ही अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची पद्धत आली आणि ब्लूबेरी यादीत वर चढली. 'सुपरफूड'चं पीक यावरच फोफावलं. पण नळीतल्या मापाचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसेना, आणि कंपन्या त्याचा जाहिरातीसाठी वापर करत होत्या. अमेरिकी कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली ओरॅकची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली.

खरं वजन माणसांवरच्या चाचण्यांना आहे, आणि इथे मात्रा नीट वाचायला हवी. चीनमध्ये २००९ साली रक्तातली चरबी (लिपिड) बिघडलेल्या १२० जणांना १२ आठवडे दिवसाला ३२० मिलिग्रॅम अँथोसायनिन दिलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे १३.६ टक्के घटलं; एचडीएल, म्हणजे चांगलं, तितकंच वाढलं. बिलबेरी अर्काचीही नेहमीची मात्रा १६० मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे ३२०च. आकडा एकच, वस्तू वेगळी! ३६ टक्क्यांच्या ३२० मिलिग्रॅम अर्कात अँथोसायनिन फक्त ११५ भरतं. चाचणीची मात्रा गाठायला सुमारे ८९० मिलिग्रॅम अर्क लागेल.

२०१९ च्या ब्रिटिश चाचणीत मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (वाढलेलं पोट, रक्तदाब, साखर, चरबी अशा तक्रारी एकत्र असलेल्या) ११५ जणांनी सहा महिने भुकटी घेतली. ब्लूबेरीची भुकटी रोज २६ ग्रॅम, म्हणजे १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली. निम्म्या मात्रेत ते दिसलं नाही, आणि इन्सुलिन प्रतिरोध कोणाचाच हलला नाही. एका ग्रॅनोला बारमध्ये २६ ग्रॅम भुकटी कोणी घालत नाही. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या घटकाला २०० मिलिग्रॅमच्या मात्रेवर युरोपात आरोग्यदावा मिळाला. अँथोसायनिनला तसा दावा नाही.

उत्पादनातही ते टिकवावं लागतं. पेयाचा पीएच ३.५ च्या आत ठेवावा. व्हिटॅमिन सी सोबत घातलं तर रंग लवकर उडतो, लोखंडाचा संपर्क आला तर काळपट होतो. स्प्रे ड्राय भुकटीत वाहक म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड असते आणि ती रक्तातली साखर झपाट्याने चढवते. मधुमेहींसाठीच्या डब्यात तिची टक्केवारी आधी पाहावी.

आपल्याकडे हीच वाट जांभळाने धरली आहे. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण परंपरेने मधुमेहावर दिली जाते ती बियांची पूड. तिच्यात टॅनिन आणि एलॅजिक आम्ल असतं, तर अँथोसायनिन सालीत आणि गरात. शिवाय जांभळाच्या रंगद्रव्यांना दोन-दोन ग्लुकोज जोडलेले असतात. बिलबेरीच्या मापाने, म्हणजे सायनिडिन-३-ग्लुकोसाइड हे एकच ग्लुकोज जोडलेलं अँथोसायनिन धरून मोजलं तर टक्केवारी चुकते. 'जांभूळ अर्क' एवढंच छापलेलं असेल तर तो बियांचा की गराचा, हे विक्रेत्याला विचारावं, आणि टक्केवारी कोणत्या द्रव्याच्या हिशेबाने काढली तेही.