सोन्यापेक्षा मोलाचा हिरवा दगड

प्राचीन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं जेड, म्हणजे हा हिरवा दगड, मुख्यतः एकाच खोऱ्यातून आलं: ग्वाटेमालातल्या मोताग्वा नदीच्या. हे जेड म्हणजे जेडाइट, जेडचा कठीण प्रकार. पोलादी सुरीनेही त्यावर ओरखडा उठत नाही, आणि ते कोरणाऱ्यांकडे लोखंड नव्हतंच. ओली वाळू लावून दोरीने घासत दगड कापायचा, पोकळ वेताने किंवा हाडाने भोकं पाडायची. कोरीव चेहऱ्यांच्या डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यांत त्या गोल नळीच्या खुणा अजून दिसतात.

याची सुरुवात मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या प्राचीन ओल्मेक लोकांनी केली. एल मानाती इथल्या झऱ्यात त्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी अर्पण केल्या होत्या. झाड तोडायला नव्हे, देवाला द्यायला. हिरवा रंग मक्याच्या कोंबाचा आणि पाण्याचा, हे उघडच आहे. त्यांच्यानंतरच्या माया लोकांनी त्यात श्वासाची भर घातली, आणि मला तीच गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

बेलीझमधल्या निम ली पुनीत इथे 2015 मध्ये सापडलेलं पदक पाहा. राजाने छातीवर घालायचं, जेमतेम 19 सेंटीमीटर रुंद, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं. मायांच्या लिपीत हा आकार ‘इक’चा, म्हणजे वाऱ्याचा आणि श्वासाचा. पाठीवर 30 चित्राक्षरं आहेत. त्यांतून कळतं, की इ. स. 672 मध्ये राजाने ते घालून धूप उधळण्याचा विधी केला. वारा म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे मका, तेव्हा वाऱ्याला आळवणं हे राजाचं कामच.

मरताना गेलेला श्वासही याच दगडाने धरायचा. पालेंके या माया नगराचा राजा पाकाल 683 मध्ये वारला. पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रुस यांनी 1952 मध्ये त्याची कबर उघडली, तेव्हा चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता आणि तोंडात जेड. सरदार मरताना असा दगड ओठांशी का धरतात, तर प्राण त्यात शिरावा म्हणून, अशी नोंद सोळाव्या शतकात बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केली आहे.

स्पॅनिश शिपायांना मात्र सोनं हवं होतं. अपवाद त्यांच्यातल्याच बेर्नाल दियास या शिपायाचा. 1520 मध्ये अझ्टेकांच्या तेनोचतित्लान या राजधानीतून जीव घेऊन पळताना बाकीचे सोन्याने लादले गेले. या गड्याने चार हिरवे दगड छातीशी दडवले. पुढे जखमांवरचे उपचार आणि जेवण त्यांच्यावरच भागलं.

सोन्याच्या या हव्यासात जेडची कारागिरी संपली आणि खाणीही विसरल्या गेल्या. मोताग्वाचा पत्ता 1950च्या दशकात पुन्हा लागला. ओल्मेकांना प्रिय असलेल्या निळसर जेडचं कोडं मात्र 1998च्या मिच वादळापर्यंत टिकलं. त्या पुरात निळे-हिरवे धोंडे वाहून आले, आणि त्यांचा माग काढत भूवैज्ञानिक डोंगरातल्या मूळ शिरांपर्यंत पोहोचले.