क्लिशे-वेर मुद्राचित्रे

क्लिशे-वेर म्हणजे काचेवर हाताने रेखाटलेल्या चित्राचे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने प्रकाशसंवेदी कागदावर ठसे काढण्याची पद्धत होय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बार्बिझाँ संप्रदायाच्या (बार्बिझाँ या खेड्याच्या परिसरात निसर्गचित्रे काढणाऱ्या गटाच्या) चित्रकारांनी वनदृश्यांसाठी तिचा विशेष उपयोग केला. अम्लरेखनाप्रमाणे (धातूच्या पत्र्यावर अम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून ठसे काढण्याच्या पद्धतीप्रमाणे) येथेही रेषा सुईने कोरतात, परंतु धातूचा पत्रा, अम्ल किंवा दाबयंत्र यांपैकी काहीच लागत नाही. छायाचित्राप्रमाणे ठसा प्रकाशाने उमटतो, पण कॅमेऱ्याची गरज नसते.

काचेवर कलोडियनचा (छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या चिकट द्रावाचा) किंवा छपाईच्या शाईचा अपारदर्शक थर देत. शाईच्या थरावर सफेद्याची पूड भुरभुरून काच काळ्या कापडावर ठेवली की कोरलेली रेषा पांढऱ्यावर काळी दिसे आणि ठसा कसा उमटेल याचा अंदाज चित्रकाराला काम करतानाच येई. ही काच संवेदी कागदावर ठेवून उन्हात धरली असता कोरलेल्या जागांतून प्रकाश आत शिरतो आणि तेवढाच कागद काळा पडतो. कोरलेली बाजू कागदाला भिडवली तर रेषा रेखीव येते. काच उलटी ठेवली तर तिच्या जाडीतून जाताना प्रकाश किंचित पसरतो व रेषा जाड आणि मऊ होते. त्यामुळे एकाच काचेचे, परस्परांची आरशातील प्रतिमा असलेले दोन वेगळे ठसे निघू शकतात. ताठ केसांच्या ब्रशाने थर टोचून बारीक ठिपक्यांची करडी छटाही साधत असत.

या कल्पनेचे प्रयोग इंग्लंडमध्ये १८३९ मध्येच झाले होते. मात्र तिला खरे कलामूल्य लाभले ते उत्तर फ्रान्समधील आरास या गावी. तेथील हौशी छायाचित्रकार आदालबेर क्युव्हलिए आणि चित्रकलाशिक्षक ग्रांगीयोम यांनी १८५३ मध्ये फ्रेंच निसर्गचित्रकार कामीय कोरो याला ही पद्धत दाखविली. कोरोने १८७४ पर्यंत अशा सुमारे ६६ काचा रेखाटल्या. ‘वनातील मोठा घोडेस्वार’ (१८५४) या चित्रात उंच झाडांमधून जाणारा स्वार दिसतो, परंतु नजर प्रथम पर्णसंभाराकडे जाते. तेथे एकही पान सुटे काढलेले नाही. हात न उचलता ओढलेल्या वळणदार रेषांचे जाळे दाट झाले की सावली होते, विरळ झाले की उजेड झिरपतो. अम्लरेखनातही मोकळा हात चालतो, पण इतका निर्धास्तपणा तेथे क्वचितच आढळतो.

क्युव्हलिएचा मुलगा अझेन हा स्वतः फोंतेनब्लोच्या अरण्याचा उत्कृष्ट छायाचित्रकार होता. पॅरिसपासून सुमारे ६० किमी.वरील या अरण्याच्या कडेला बार्बिझाँ हे खेडे आहे. तेथील खाणावळवाल्या गान यांच्या मुलीशी त्याने १८५९ मध्ये विवाह केला आणि चित्रकारांशी त्याचा घरोबा वाढला. त्यातूनच १८६२ मध्ये दोबिन्यी, मिले आणि तेओदोर रूसो या चित्रकारांनीही काचा रेखाटल्या. दोबिन्यीने पुष्कळ काम केले. मिले व रूसो यांच्या प्रत्येकी दोनच काचा आहेत. याच सुमारास, १८६१ मध्ये, अरण्याचा सुमारे १,०९७ हेक्टर भाग कलेसाठी राखीव ठरविण्यात आला. जुन्या वृक्षांच्या तोडीविरुद्ध रूसोने केलेल्या खटपटीचा त्यात मोठा वाटा होता.

पॅरिसमधील प्रकाशक मोरिस ल गारेक यांनी १९२१ मध्ये मूळ काचांवरून ४० चित्रांचा संच १५० प्रतींत प्रसिद्ध केला. संग्रहालयांत आज दिसणारे बरेच ठसे या आवृत्तीतील आहेत. कोरोच्या हयातीत क्षारयुक्त कागदावर (मीठ व चांदीच्या क्षाराने संवेदी केलेल्या कागदावर) काढलेल्या ठशांचा तपकिरी उबदारपणा मात्र त्यांत उतरलेला नाही, म्हणून अभ्यासकाने शक्यतो ते जुने ठसेच पाहावेत.