शिडाने वाट कुठे सोडायची: मुंबई बंदराच्या चॅनलमागचा इतिहास

पावसाळा सरला की मुंबई बंदराच्या तोंडाशी शिडाच्या होड्या पुन्हा दिसू लागतात. दुपारचा वायव्येचा वारा भरला की गेटवेवरून मांडव्याकडे किंवा खांदेरीकडे निघायचं, हा हौशी शिडवाल्यांचा जुना रिवाज. त्याच पाण्यातून न्हावा-शेव्याकडे तीनशे मीटरहून लांब कंटेनर जहाजं जातात. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची, हे शिडवाला पहिल्याच धड्यात शिकतो. बंदराचे अधिकारी मात्र त्याला चॅनलमधून, म्हणजे मोठ्या जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेतून, बाजूला व्हायला सांगतात. दोघेही नियमाला धरूनच बोलत असतात, आणि या कुरबुरीचं मूळ तिथेच आहे.

कोकणच्या समुद्रावर परवानगीचा कागद नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कार्ताझ लादले, पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक चालवले. पण तो अंमल व्यापारावरचा होता. गलबतं एकमेकांसमोर आली की वारा, भरती आणि तांडेलाची नजर यांवरच काम भागे. आगबोटी आल्या आणि हे बदललं. आगबोट वाऱ्याविरुद्धही हवी तशी वळू शकते, शिडाचं जहाज वळू शकत नाही. म्हणून 1863 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून केलेल्या नियमांत आगबोटीने शिडाला वाट द्यावी असं ठरलं. जो सहज वळू शकतो त्याने वळावं, एवढाच त्यामागचा विचार होता. मुंबईत हौशी शिडवाल्यांचा क्लब तेव्हा उभा होताच. आजचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. बंदरासाठी पोर्ट ट्रस्ट आला तो नंतर, 1873 मध्ये.

1908 च्या भारतीय बंदर कायद्यात एक कलम बारकाईने वाचण्यासारखं आहे. बंदरातल्या होड्यांना परवाने देण्याचे आणि त्यांचं नियमन करण्याचे नियम सरकारला करता येतील, असं त्यात होतं. मग त्या भाड्याने चालोत वा न चालोत, नेहमी चालोत वा कधीमधी. हौसेची होडी त्या कधीमधीत बसते. आपण व्यापार करत नाही, मग बंदराचा आपल्याशी काय संबंध, हा शिडवाल्यांचा युक्तिवाद म्हणूनच कधी टिकला नाही.

खरा फरक पडला तो जहाजांच्या बुडामुळे. जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागू लागलं आणि ते खणून काढावं लागलं. खणलेल्या पट्ट्याबाहेर गेलं की तळ चिखलात. म्हणजे अरुंद चॅनलमध्ये मोठ्या जहाजाची वळण्याची सोयच गेली, आणि 1863 चा तोच विचार आता उलट बाजूने लागू झाला. 1960 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे 1972 चे टक्कर टाळण्याचे नियम आले आणि 1977 पासून लागू झाले. त्यांतला नववा नियम सांगतो की जे जहाज फक्त चॅनलमधूनच सुरक्षित जाऊ शकतं, त्याच्या वाटेत वीस मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या कोणत्याही होडीने अडथळा आणू नये. उघड्या समुद्रात शिडाचा मान आजही कायम आहे.

मुंबईत हा नियम कडक वाटू लागला तो 1989 नंतर. त्या वर्षी पलीकडे न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. पुढे चॅनल रुंद आणि खोल होत गेला. आज भरतीचा फायदा घेऊन 15 मीटर डुबाची, म्हणजे तेवढा भाग पाण्याखाली असणारी, जहाजं आत येतात. भरतीची वेळ चुकली तर पुढच्या भरतीची वाट पाहणं आलं. शिवाय वरून दिसतं किती? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणेही मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे ते जिथून चालवतात त्या खोलीतून, नाळेपुढचं (पुढच्या टोकासमोरचं) 500 मीटरपर्यंतचं पाणी झाकलेलं चालतं. त्या पट्ट्यात सापडलेली होडी पायलटला, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याला, दिसतच नाही. पाच छोटे भोंगे ऐकू आले तर समजावं, वरच्या माणसाला तुमचा इरादा कळलेला नाही.

चॅनल बंद पडला तर काय होतं, ते 7 ऑगस्ट 2010 ला कळलं. एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, तेल सांडलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

याच्या आधीच, 2008 च्या हल्ल्यानंतर, नियमांचा दुसरा थर चढला होता. अतिरेकी मासेमारीच्या बोटीतून आले, म्हणून नोंदणी, ओळखपत्रं, तपासणी वाढली. हा थर सुरक्षेचा आहे, खोलीशी त्याचा संबंध नाही. माझ्या मते दोन्ही एकाच आवाजात सांगितले जातात, हीच आजची मोठी अडचण आहे. नववा नियम प्रत्येक शिडवाल्याने मनापासून पाळावा. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. पण गेटवेवरून मुरूडला निघालेल्या माणसाला बंदर प्राधिकरण, नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि 1996 च्या कायद्याने आलेलं मेरीटाईम बोर्ड, अशा सगळ्यांचा विचार करावा लागतो, तो बराचसा कमी करता येईल.

दक्षिणेकडेही पाणी गजबजतंय. धरमतरच्या खाडीत बार्ज, मांडव्याला 2020 पासून गाड्या नेणारी रो-रो बोट, जयगडला 2009 पासून मोठं बंदर. उत्तरेला वाढवणची पायाभरणी 2024 मध्ये झाली, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. या वादात हौशी शिडवाल्याने कोळ्यांना विसरू नये. शिडवाल्याच्या होडीला दीड-दोन मीटर पाणी पुरतं, म्हणून तो चॅनलची हद्द दाखवणाऱ्या बोयांच्या बाहेरून सहज जाऊ शकतो. पण बाहेर कोळ्यांची एका जागी बांधलेली डोलजाळी असतात, आणि ते कोणाचं तरी पोट आहे.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला हौशी होड्यांची गर्दी मुंबईहून कितीतरी जास्त. तिथल्या नेमून दिलेल्या पट्ट्यात 150 मीटरहून लांब जहाजापुढे 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर कोणत्याही लहान बोटीने यायचं नाही, असा साधा आकडा आहे. पोराटोरांनाही तो सांगता येतो. 2025 च्या नव्या बंदर कायद्याखाली राज्यांचे नियम लिहिले जातील, तेव्हा मुंबई, धरमतर आणि जयगडसाठी असेच आकडे मराठीत छापून प्रत्येक धक्क्यावर लावावेत, ही मागणी शिडवाल्यांनी आणि कोळ्यांनी मिळून करायला हवी.