वॉटर्लूचं भोक पडलेलं चिलखत

पॅरिसच्या लष्करी संग्रहालयातल्या एका चिलखताचा फोटो समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. उजव्या छातीवर मुठीपेक्षा मोठं, आरपार गेलेलं भोक. 18 जून 1815 रोजी वॉटर्लूच्या लढाईत तोफगोळ्याने पाडलेलं. चिलखत फ्रान्सच्या दुसऱ्या कॅराबिनिए रेजिमेंटमधल्या फोव्हो नावाच्या 23 वर्षांच्या स्वाराचं. सोबत हमखास शेरा असतो की असली चिलखतं कुचकामीच होती. मला हे अजिबात पटत नाही.

कॅराबिनिए म्हणजे भारी घोडदळ, 1693 पासूनचं. 1809 च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या मोहिमेत त्यांची बरीच माणसं पडली, तेव्हा नेपोलियनने त्यांना पितळेने मढवलेलं पोलादी चिलखत दिलं. ते तलवार, भाला आणि लांबून आलेली बंदुकीची गोळी अडवण्यासाठी होतं. तोफेसाठी नव्हतंच.

'लांबून' या शब्दातच सगळं विज्ञान आहे. गोळीला हवा अडवते ती तिच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. वेग टिकवून धरतं तिचं वस्तुमान. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं, पण वस्तुमान आठपट. म्हणून मोठा गोळा वेग जास्त टिकवतो. इंग्रजी बंदुकीची शिशाची गोळी साधारण 17.5 मिलिमीटर व्यासाची, 32 ग्रॅमची: समोरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 13 ग्रॅम. 9 पौंडी तोफेचा लोखंडी गोळा 4 किलोचा, सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाचा: तिथे हाच आकडा 49 च्या आसपास. लोखंड शिशापेक्षा हलकं असूनही जवळजवळ चौपट! दोन्ही सेकंदाला 400 मीटर वेगाने सुटले असं धरून गणित केलं, तर 100 मीटरमध्ये गोळीची निम्म्याहून जास्त ऊर्जा हवाच खाते. तोफगोळ्याची जेमतेम एक पंचमांश जाते. शिवाय गोळ्याची ऊर्जा मुळातच शंभरपटीहून जास्त असते.

छातीवर गोळी लागूनही वाचलेल्या माणसाचं श्रेय ताईत-गंड्यांना देण्याची चाल जगभर आहे. ते श्रेय पोलादाचं आणि मधल्या हवेचं आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लांबट, निमुळत्या गोळ्या आल्या. समोरचं क्षेत्रफळ तेवढंच, वस्तुमान जास्त. वर टोकदार आकारामुळे हवेचा अडथळाही कमी. पारडं गोळीकडे झुकलं. कॅराबिनिए 1871 मध्ये अकरावी क्युरासिए (चिलखती घोडदळ) रेजिमेंट झाले, आणि फ्रान्सचे क्युरासिए 1914 मध्येही छातीवर पोलाद बांधून युद्धावर गेले.